गुहेचे मोजमाप

देवळा तालुक्याच्या दक्षिणेस सातमाळा डोंगराची रांग पसरली आहे. तिच्यातील धोडप, अंकाई यांसारख्या गडांवर काळ्या खडकात खोदलेल्या गुहा आढळतात. नाशिकची पांडवलेणी तर सर्वश्रुतच आहेत. मानवाने छिन्नीने खोदलेली अशी गुहा मोजणे फारसे अवघड नसते. पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्याचे दालन सुमारे ४१ फूट रुंद व ४६ फूट खोल आहे, एवढे कळले की त्याचा आराखडा कागदावर काढता येतो. कारण त्याच्या भिंती सरळ आहेत.

निसर्गाने घडविलेल्या गुहेची गोष्ट निराळी. मेघालयात पावसाच्या पाण्याने चुनखडीचा दगड युगानुयुगे झिजून कित्येक गुहा निर्माण झाल्या आहेत. त्यांपैकी क्रेम लियाट प्रा ही गुहा ३० किलोमीटरांहून अधिक लांब आहे. अशा गुहेत मार्ग कोठे मंदिराच्या सभामंडपाएवढा प्रशस्त असतो, तर कोठे पोटावर सरपटत जावे लागते. अशा वेड्यावाकड्या मार्गाचे मोजमाप कसे घेत असतील?

प्रथम गुहेत ठिकठिकाणी खुणा निश्चित करतात. एका खुणेपासून दुसरीपर्यंतचे अंतर फितीने किंवा प्रकाशकिरणाच्या यंत्राने मोजतात. दिशा होकायंत्राने पाहतात आणि चढ-उतार कोनमापकाने ठरवितात. या खुणा जोडल्या म्हणजे कागदावर एक रेषा उमटते. परंतु ही रेषा म्हणजे गुहेचा केवळ कणा होय. मार्ग किती रुंद, किती उंच, हे तिच्यावरून समजत नाही.

त्यासाठी प्रत्येक खुणेपाशी आणखी चार अंतरे मोजतात: डावी भिंत, उजवी भिंत, वरचे छत आणि खालची जमीन. समजा, एका खुणेपासून डावी भिंत १.२ मीटर, उजवी ०.८ मीटर, छत २.५ मीटर व जमीन १.४ मीटर अंतरावर आहे. म्हणजे तेथे मार्ग २ मीटर रुंद व ३.९ मीटर उंच झाला. शिवाय खूण मधोमध नसून उजव्या भिंतीकडे आहे, हेही कळले. सर्व्हेक्स, थेरिऑन यांसारख्या संगणकाच्या आज्ञावलींना हे आकडे पुरविले, की कण्याभोवती गुहेचा देह उभा राहतो.

मात्र नोंद करताना दक्षता हवी. आत जाताना जी भिंत डावीकडे असते, ती परतताना उजवीकडे येते. म्हणून तोंड कोणत्या दिशेला होते, हे वहीत लिहावेच लागते. तसेच जे अंतर मोजता आले नाही, तेथे शून्य लिहू नये. शून्याचा अर्थ भिंत खुणेला टेकली आहे असा होतो, आणि संगणक रुंद मार्गही अरुंद दाखवितो. दोन खुणांच्या मध्ये मार्ग एकाएकी चिंचोळा झाला असेल, तर तेथे नवी खूण करावी. नाहीतर ती अडचण नकाशात उतरतच नाही.

अशा नोंदींचे मोल संकटकाळी कळते. २३ जून २०१८ रोजी थायलंडमधील थाम लुआंग गुहेत १२ मुले व त्यांचे प्रशिक्षक गेले असता पावसाच्या पाण्याने परतीची वाट बंद झाली. त्या मुलांची वये ११ ते १६ वर्षांची होती. गुहाशोधकांनी पूर्वीच तयार केलेल्या नकाशामुळे ती कोणत्या भागात असावीत, याचा अंदाज बांधता आला. पाणी उपसण्याच्या कामी महाराष्ट्रातील किर्लोस्कर ब्रदर्स या कंपनीचे तज्ज्ञही साहाय्यास गेले होते. २ जुलै रोजी मुलांचा शोध लागला. या कार्यात समन कुनन या धाडसी पाणबुड्याला प्राणांस मुकावे लागले. अखेर १० जुलैपर्यंत सर्व १३ जण सुखरूप बाहेर आले.

नकाशासाठी मोजमापे घेणाऱ्यांना या मुलांची नावेही ठाऊक नव्हती. तरीही अंधारात, चिखलात बसून त्यांनी केलेले काम पुढे त्यांच्या उपयोगी पडले.