तानसाच्या रानातील अष्टपाद : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शहापूर तालुक्यातील तानसा अभयारण्यात किंवा मुरबाडच्या बाजूने माळशेजच्या पायथ्याशी पसरलेल्या रानात कोळी, विंचू आणि गोमी यांचे सर्वेक्षण करायचे म्हणजे दिवसा फिरून दिसतील ते कीटक मोजायचे, असा समज सर्रास आढळतो. मुळात हे कीटकच नव्हेत. कीटकांना पायांच्या तीन जोड्या असतात, तर कोळी व विंचू यांना चार असल्याने ते अष्टपाद वर्गात मोडतात (पहिल्या पावसात दिसणारा मखमली मृगाचा किडाही याच वर्गातला), आणि गोम बहुपादांपैकी असून रानातल्या मोठ्या गोमीला बहुधा एकवीस जोड्या असतात.

पावसाळा सरल्यावर पानझडीचे हे रान सात-आठ महिने कोरडे पडते, म्हणून उन्हाळ्यात काही सापडले नाही तर तेथे काही नाहीच, हा निष्कर्षही फसवा ठरतो. कारण हे जीव दगडांखाली, सालींआड आणि बिळांत ओलावा धरून राहतात व बहुतांशी रात्रीच बाहेर पडतात. विंचवाचे कवच अतिनील प्रकाशात हिरवट-निळे चमकत असल्याने अभ्यासक तसा दिवा घेऊन रात्री फिरतात, आणि पालापाचोळ्यात वावरणाऱ्या कोळ्यांसाठी जमिनीत काठापर्यंत भांडी पुरून ठेवतात. छायाचित्रावरून जात ओळखता येते हा समज तर फारच दृढ आहे. प्रत्यक्षात अनेक कोळ्यांची जात प्रौढ नमुन्याचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ठरते, त्यामुळे पिल्लांची नोंद पुष्कळदा कुळापाशीच थांबते.

विंचवाची पिल्ले आईला खाऊन वाढतात, ही समजूत त्या मादीवर अन्याय करणारी आहे. पिल्ले जिवंत जन्मतात, आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत स्वतःच्या शरीरातील साठ्यावरच जगतात.

सर्वांत घातक गैरसमज मात्र आकाराचा आहे. मोठ्या काळ्या इंगळीला लोक अधिक भितात, पण तिची भिस्त जाडजूड चिमट्यांवर असते; उलट सडपातळ चिमट्यांच्या लहानशा लाल विंचवाचे विष हृदय व फुप्फुसे निकामी करू शकते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक ठरते असे दाखवून दिले व 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते मांडले, हे औषध जितके लवकर मिळेल तितके उपयोगी पडते, आणि दुर्गम पाड्यांवर नेमका तोच वेळ मंत्र-उताऱ्यात जातो.