साठ दिवस कोणत्या दिवसापासून?

शिकागो, मार्च

गेल्या मंगळवारी सायंकाळी, वितळत्या बर्फाचा काळपट चिखल रस्त्याच्या कडांना साचलेला असताना, या शहराच्या उत्तर भागातील एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या मागल्या खोलीत मी जाऊन बसलो. घडीच्या तीसेक खुर्च्या, दाराशी नावे लिहिण्यासाठी ठेवलेली वही, कागदी पेल्यांतून निवत चाललेली कॉफी, आणि समोरच्या लांबट मेजामागे तीन माणसे: एक निवृत्त शिक्षिका, एक तरुण वकील व एक बसचालक. सभेचा थाट आपल्याकडील एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेहून अधिक नव्हता. परंतु ही तीन माणसे लोकांनी रीतसर मते देऊन निवडलेली होती, आणि त्या भागाच्या पोलीस ठाण्यावर लोकांच्या वतीने नजर ठेवणे हे त्यांचे काम होते. बोलू इच्छिणाऱ्यास दोन मिनिटे, असा तेथला शिरस्ता. एका दुकानदाराने रात्रीची गस्त वाढवावी अशी मागणी केली. त्यानंतर पहिल्या रांगेतील एक वृद्ध कृष्णवर्णीय बाई काठीच्या आधाराने उठल्या आणि त्यांनी एवढेच विचारले, की पोलिसाने गोळी झाडली तर तिचे चित्रण साठ दिवसांच्या आत लोकांना दाखवावे असा जो नियम आहे, त्यातले साठ दिवस मोजायचे कोणत्या दिवसापासून?

प्रश्न कारकुनी वाटतो. मलाही तो तसाच वाटला होता. परंतु या शहराचे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांचे दप्तर चाळले म्हणजे ध्यानात येते, की येथे पोलिसांविरुद्ध जो झगडा झाला तो जितका रस्त्यावर झाला, तितकाच तारखा, मुदती आणि कागद कोणाच्या कपाटात राहतात यावरून झाला.

प्रथम व्यवस्थेविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. आपल्याकडे पोलीस हे राज्य सरकारचे, आणि त्यांचा धनी मुंबईत मंत्रालयात बसलेला गृहमंत्री. अमेरिकेत सुमारे अठरा हजार निरनिराळी पोलीस दले असून बहुतेक आपापल्या गावाची वा परगण्याची नोकर आहेत, म्हणजे पाणीपुरवठा किंवा कचरा यांप्रमाणेच पोलीस हेही नगरपालिकेचे एक खाते. शिकागोत त्या खात्याच्या प्रमुखास अधीक्षक म्हणतात, परंतु आपल्या वाचकांनी तो आयुक्तच समजावा. त्यास महापौर नेमतो. खटले चालवणारा सरकारी वकील मात्र परगण्याचा असतो आणि तोही चक्क निवडून येतो. लोकशाहीची ही परमावधी होय असे प्रथमदर्शनी वाटते. पण ज्या पोलिसांच्या साक्षीवर आपले खटले उभे राहायचे, त्याच पोलिसांवर खटला भरण्याची पाळी आली म्हणजे या निवडून आलेल्या वकिलाचा हात कसा आखडतो, हे एका जुन्या पत्राच्या हकिकतीवरून कळेल.

१९८२ च्या फेब्रुवारीत दोन पोलिसांचा खून झाला आणि त्या आरोपावरून अँड्र्यू विल्सन नावाचा इसम पकडला गेला. तुरुंगाच्या दवाखान्यात तो आला तेव्हा त्याच्या अंगावर भाजल्याचे डाग होते, कानांवर चिमट्यांच्या खुणा होत्या. तेथील प्रमुख डॉक्टर जॉन राबा यांनी पोलीस अधीक्षकास पत्र लिहून चौकशीची मागणी केली. अधीक्षकाने ते पत्र सरकारी वकिलाकडे धाडले आणि पुढे काय करावे अशी पृच्छा केली. सरकारी वकील होते रिचर्ड डेली. खटला भरला गेला नाही. डेली पुढे बावीस वर्षे या शहराचे महापौर होते. ज्या अधिकाऱ्याच्या हाताखाली हे घडले तो जॉन बर्ज, विएतनामच्या युद्धात लष्करी पोलिसात होता. १९७२ पासून जवळजवळ दोन दशके त्याच्या व त्याच्या माणसांच्या कोठडीत शंभराहून अधिक लोकांचे, आणि ते बहुतेक सारे कृष्णवर्णीय, विजेचे झटके देऊन, प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी गुदमरवून कबुलीजबाब काढले गेले. खून करणाऱ्यास शिक्षा व्हावी याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. पण असल्या कबुलीजबाबांवर काही जण फाशीच्या कोठडीत जाऊन बसले होते.

हे बाहेर कसे आले, तर पुन्हा कागदानेच. १९८९ साली विल्सनच्या दिवाणी दाव्याच्या वेळी त्याच्या वकिलांकडे निनावी पत्रे येऊ लागली, ती पोलीस खात्याच्याच लिफाफ्यातून. आणि त्यांत इतर बळींचा माग होता. १९९३ मध्ये बर्ज बडतर्फ झाला. छळाच्या गुन्ह्याची मुदत मात्र केव्हाच टळून गेली होती, म्हणून २०१० साली तो दोषी ठरला तो छळाबद्दल नव्हे, तर शपथेवर खोटे बोलल्याबद्दल, आणि त्याला साडेचार वर्षांची कैद झाली. त्याचे निवृत्तिवेतन बंद करावे की नाही यावर संबंधित मंडळात मते पडली चार विरुद्ध चार, सबब ते चालू राहिले. या चार-चारांवर शिकागोची माणसे आजही जे कडवट हसतात, त्याचे भाषांतर मला करता येणार नाही.

तथापि यातूनच दोन मोठ्या गोष्टी निपजल्या. २००३ च्या जानेवारीत गव्हर्नर जॉर्ज रायन यांनी जाता जाता चार फाशीच्या कैद्यांना निर्दोष म्हणून माफी दिली आणि उरलेल्या १६७ जणांची फाशी रद्द केली. पुढे २०११ साली इलिनॉय राज्याने ती शिक्षाच काढून टाकली. दुसरी गोष्ट, २०१५ च्या मे महिन्यात नगरपरिषदेने छळ सोसलेल्यांसाठी ५५ लाख डॉलर बाजूला काढले, रीतसर माफी मागितली, आणि सार्वजनिक शाळांतील आठवीच्या व दहावीच्या मुलांना हा इतिहास शिकवला जाईल असे कबूल केले. भरपाईची रक्कम दरडोई फार तर एक लाख डॉलर, म्हणजे या देशाच्या मानाने बेताचीच. पण आपल्या पोलिसांचे दुष्कृत्य एखाद्या शहराने आपल्याच शाळेच्या धड्यात घालावे, हे मला तरी त्या पैशांहून मोठे वाटते. स्मारकही कबूल केले होते. त्याला वर्षानुवर्षे मुहूर्त लाभला नाही.

माफीचा हा ठराव मंजूर होत होता त्याच वेळी नगरपालिकेच्या कपाटात एक चित्रफीत पडून होती. २० ऑक्टोबर २०१४ च्या रात्री लक्वान मॅक्डोनल्ड या सतरा वर्षांच्या मुलावर एका पोलिसाने सोळा गोळ्या झाडल्या. हातात चाकू घेऊन तो अंगावर आला, असे पोलिसांच्या अहवालांत लिहिले होते. नगरपालिकेने दावा दाखल होण्यापूर्वीच कुटुंबास ५० लाख डॉलर दिले. गाडीवरच्या कॅमेऱ्याची चित्रफीत मात्र तेरा महिने बाहेर आली नाही. एका मुक्त पत्रकाराने न्यायालयात धाव घेतली तेव्हा, नोव्हेंबर २०१५ मध्ये, ती लोकांनी पाहिली. मुलगा पोलिसांपासून बाजूला सरकत चालला होता. ‘सोळा गोळ्या आणि वर पांघरूण’ अशा अर्थाच्या घोषणेने मिशिगन अॅव्हेन्यू दुमदुमला. अधीक्षकाची उचलबांगडी झाली, सरकारी वकील बाई पुढल्या निवडणुकीत पडल्या, आणि गोळ्या झाडणारा २०१८ साली दोषी ठरला. अहवाल लिहिताना संगनमत केल्याच्या आरोपातून मात्र तिघे पोलीस सुटले. वृद्ध बाईंचे ते साठ दिवस या तेरा महिन्यांच्या पोटी जन्मास आले आहेत.

दप्तराचा आणखी एक मासला सांगतो. पोलीस संघटनेच्या करारात एक कलम असे होते, की तक्रारींची जुनी कागदपत्रे पाच वर्षांनी नष्ट करावीत. २०१४ साली अपील न्यायालयाने असली कागदपत्रे लोकांस पाहण्यास खुली असल्याचा निकाल दिला, आणि २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती जाळता येणार नाहीत असे ठरवले. अपील जिंकणारे जेमी काल्व्हन हे वकील नव्हते, वार्ताहर होते. आमच्या व्यवसायाचा एवढा अभिमान वाचकांनी मला क्षम्य मानावा.

आता त्या तिघा निवडलेल्या माणसांकडे वळतो. पोलिसांवर लोकांचाच ताबा असावा ही मागणी येथे १९७३ पासून चालत आलेली आहे. तिच्यामागे १९६९ साली पोलिसांच्या छाप्यात अंथरुणातच मारल्या गेलेल्या फ्रेड हॅम्प्टन या तरुण पुढाऱ्याची आठवण आहे. मागणी करणाऱ्यांत दोन तट होते: नेमणूक, बडतर्फी व अंदाजपत्रक हे सारेच लोकनियुक्त मंडळाकडे मागणारा एक, आणि पदरात पडेल ते घ्यावे म्हणणारा दुसरा. २०२१ मध्ये दोघांची दिलजमाई झाली आणि त्या वर्षीच्या जुलैत नगरपरिषदेने ३६ विरुद्ध १३ मतांनी कायदा केला. बावीस ठाण्यांच्या हद्दींत प्रत्येकी तीन, असे सहासष्ट सभासद २८ फेब्रुवारी २०२३ रोजी महापौरपदाच्या मतदानाबरोबरच निवडले गेले. पोलीस संघटनेनेही आपल्या मर्जीतल्या उमेदवारांना पाठिंबा दिला, आणि लोकशाहीत त्यास हरकत घेणार तरी कशी? सभासदास महिन्याला ५०० डॉलर मिळतात. सभासदांच्या वतीने सुचवलेल्या नावांतून महापौर सात जणांचा आयोग नेमतो. हा आयोग खात्याचे धोरण ठरवू शकतो आणि अधीक्षकपदासाठी तीन नावे पाठवतो. सध्याचे अधीक्षक लॅरी स्नेलिंग याच वाटेने आले. आयोगाला अधीक्षकावर अविश्वासाचा ठराव करता येतो, पण त्याला काढता येत नाही. अर्धशतकाच्या मागणीच्या मानाने हे निम्मेच झाले असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे. मात्र आपल्याकडे निम्मेदेखील कोठे आहे, हा विचार त्या खोलीत बसून टाळता येईना. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग यांच्या अर्जावर २००६ साली प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला आणि २०१४ मध्ये महाराष्ट्राने त्यासाठी कायदाही बदलला. त्या प्राधिकरणाची कचेरी कोठे आहे हे चटकन सांगू शकेल असा माणूस मला पुण्यात भेटलेला नाही.

सुधारणेची एक गोष्ट सांगायची राहिली. १८ सप्टेंबर २०२३ पासून इलिनॉयमध्ये रोख जामीन ही चीजच उरली नाही, आणि ती पूर्णपणे काढून टाकणारे हे अमेरिकेतील पहिले राज्य होय. आरोपी धोकादायक आहे किंवा पळून जाईल असे न्यायाधीशास पटवून दिले तर तो आत राहतो, एरवी बाहेर. खिशात किती डॉलर आहेत हा प्रश्न उरत नाही. आपल्या तुरुंगांत दर चौघांत सुमारे तिघे कच्चे कैदी असतात हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

सुधारणेने पोलिसांचे हातपाय बांधले गेले आणि गुन्हेगार मोकाट सुटले, अशी तक्रारही येथे रोज ऐकू येते. एकट्या २०१६ साली या शहरात साडेसातशेहून अधिक खून झाले, तेव्हा ती केवळ कांगावा म्हणून झटकता येत नाही. पण त्या सभेत एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. गस्त मागणारा दुकानदार आणि मुदत विचारणाऱ्या बाई शेजारी शेजारी बसले होते, आणि दुकानदाराच्या मागणीला पहिली टाळी बाईंनीच वाजवली होती.

तरुण वकिलाने उत्तर दिले: साठ दिवस घटनेच्या दिवसापासून, चौकशी करणाऱ्यांनी विनंती केली तर आणखी तीस. बाईंनी मान हलवली, पण त्या बसल्या नाहीत. हे इतिवृत्तात लिहून घ्या आणि पुढल्या महिन्यात वाचून दाखवा, असे त्या म्हणाल्या. वकील लिहू लागला. ग्रंथालयाच्या सेवकाने एक दिवा मालवून बंद होण्याची वेळ झाल्याचे सुचवले, मागल्या खुर्च्या मिटू लागल्या, तरी बाई काठीवर भार देऊन मेजापाशी उभ्याच होत्या; लिहून झाल्यावर त्यांनी चष्मा चढवून तो कागद वाचला, आपल्या आडनावातले एक अक्षर दुरुस्त करून घेतले, आणि मग कोट अंगावर चढवला.