अंदमान मॉर्मन : एक द्वीपस्थ फुलपाखरू

कोलकात्याच्या दक्षिणेस, सुमारे साडेबाराशे किलोमीटर अंतरावर, बंगालच्या उपसागरात अंदमानची बेटे आहेत. या द्वीपसमूहाखेरीज जगात अन्यत्र कोठेही न आढळणारे एक भव्य फुलपाखरू म्हणजे अंदमान मॉर्मन होय. त्याचे शास्त्रीय नाव पॅपिलिओ मेयो. नराचे पंख मखमली काळे असून मागील पंखांवर फिकट निळा रुंद पट्टा असतो. मादीचे रूप त्याहून भिन्न असते.

या जातीचा इतिहास कोलकात्याशी निगडित आहे. १८५८ मध्ये पोर्ट ब्लेअर येथे बंदिवानांची वसाहत स्थापन झाली आणि तेथील प्राणिनमुने कोलकात्यास येऊ लागले. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांची तेथेच हत्या झाली. पुढील वर्षी बंगालचे शिक्षण संचालक विल्यम अ‍ॅटकिन्सन यांनी या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात तिला 'मेयो' हे नाव मिळाले. १८८० मध्ये भारतीय संग्रहालयाचे वुड-मेसन आणि द निसेव्हिल यांनी पोर्ट ब्लेअरच्या फुलपाखरांची यादी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापली.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेली राणी पाकोळी, म्हणजेच ब्लू मॉर्मन, हिची निकटची आप्त. दोघींचा जातिसमूह एकच. तथापि दोघींच्या स्थितीत मूलभूत अंतर आहे. राणी पाकोळीचा वावर सह्याद्रीपासून श्रीलंकेपर्यंत आहे. एका ठिकाणचे वन नष्ट झाले, तरी ती अन्यत्र टिकून राहू शकते. अंदमान मॉर्मनला मात्र समुद्राने मर्यादा घातली आहे. बेटावरील वन व त्यातील अळीच्या खाद्यवनस्पती नाहीशा झाल्या, तर त्याची उणीव भरून काढण्यास दुसरीकडून कोणी येणार नाही.

आज हे फुलपाखरू अंदमानात दुर्मीळ नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षणही त्यास आहे. परंतु द्वीपस्थ जातीच्या बाबतीत विपुलता म्हणजे सुरक्षितता नव्हे. काय उरले आणि काय गेले, याचा निर्णय पूर्वीच्या नोंदींशी ताडून पाहूनच करता येतो. कोलकात्यात छापल्या गेलेल्या त्या जुन्या यादीचे मोल म्हणूनच केवळ ऐतिहासिक नाही.