झाडू, फावडे आणि सहीचा कागद

कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात २७७०० क्रमांकाचे एक कलम आहे. अपघातग्रस्त किंवा बंद पडलेली गाडी ओढून नेणाऱ्या प्रत्येक टो ट्रकमध्ये निदान एक झाडू, एक फावडे आणि आग विझवण्याचे सिलिंडर असलेच पाहिजे, असे ते सांगते. गाडी उचलायला आलेल्या चालकाने त्या गाडीच्या काचा आणि रस्त्यावर पडलेले तुकडे झाडून काढायचे. तेल किंवा ग्रीस सांडले असेल, तर शक्य असेल तेव्हा त्यावर माती पसरायची. गाडी एकाची असली तरी रस्ता सगळ्यांचा असतो आणि त्या तेलावरून मागून येणारा दुचाकीस्वार घसरू शकतो, एवढा साधा विचार यामागे आहे. या कर्तव्याबद्दल फारसा वाद होत नाही. वाद होतो तो त्याच ट्रकवाल्याच्या दुसऱ्या कर्तव्याबद्दल. मोडक्या गाडीशेजारी भांबावून उभ्या असलेल्या माणसाशी त्याने कसे वागायचे, हा तो प्रश्न. माझ्या मते अपघातस्थळाच्या कायद्याची खरी कसोटी इथेच लागते आणि ते कर्तव्य ट्रकचा हूक गाडीला लागण्याआधीच लागू झाले पाहिजे.

नुकतीच धडक बसलेला माणूस ग्राहक म्हणून वागण्याच्या स्थितीत नसतो. हात थरथरत असतात, गाडी निम्मी लेन अडवून उभी असते, मागचे हॉर्न थांबत नाहीत. अशा वेळी कोणी येऊन ‘मी नेतो, तुम्ही काळजी करू नका’ म्हणाला, तर भाव विचारायचे सुचत नाही. दोन-चार ठिकाणी चौकशी करून पाहणे तर दूरच. पुढे गाडी कुठल्या तरी यार्डात जाऊन पडते, दिवसाचे भाडे चढू लागते आणि ती सोडवायची तर समोरचा मागेल ते द्यावे लागते. म्हणूनच कॅलिफोर्नियात अपघात दिसला म्हणून धंदा मिळवायला तिथे ट्रक थांबवणे हाच गुन्हा आहे. पोलिसांनी किंवा गाडीवाल्याने बोलावले असेल तरच यायचे, आणि गाडीला हात लावण्याआधी खर्चाचा तपशीलवार लेखी अंदाज द्यायचा. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने तर अंतरच ठरवून दिले: प्रांतिक महामार्गावर अपघातापासून २०० मीटरच्या आत कोणी टोइंगची सेवा देऊ करायची नाही.

ऑन्टारिओचे उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे, कारण कागदावरचे हक्क कुठे अपुरे पडतात हे तिथे स्पष्ट दिसले. १ जानेवारी २०१७ पासून या प्रांतात टोइंगच्या ग्राहकांसाठी चांगले नियम लागू झाले. परवानगीशिवाय गाडी उचलायची नाही, दर आधी सांगायचे, बिल सुटे करून द्यायचे, सांगितलेल्या अंदाजापेक्षा १० टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाही. एखाद्या ठरावीक गॅरेजला गाडी नेण्याबद्दल आपल्याला पैसे मिळत असतील, तर तेही ग्राहकाला सांगायचे. वाचायला सगळे छान. पण टोरांटोच्या परिसरात जो ट्रक आधी पोहोचेल त्याला गाडी, असा प्रघात होता. त्यामुळे पोलिसांचे रेडिओ ऐकत अपघाताकडे सुसाट धावणारे ट्रक तिथे नेहमीचे झाले होते. एका गाडीमागे नुसते ओढून नेण्याचे पैसे नव्हते. तिला कुठल्या गॅरेजमध्ये न्यायचे, भाड्याची गाडी कोणाकडून घ्यायची, मानेच्या दुखण्यासाठी कोणत्या फिजिओथेरपी केंद्रात जायचे, या प्रत्येक वळणावर कमिशन होते आणि शेवटचे बिल विमा कंपनीच्या खात्यात जात होते. म्हणजे ते भरत होते सगळेच विमाधारक. मिसिसॉगा-ब्रॅम्प्टनला राहून रोज ४०१ क्रमांकाच्या महामार्गाने कामाला जाणारी मराठी कुटुंबेही त्यात आली. या कमिशनच्या इलाख्यांसाठी ट्रक पेटवले गेले, गोळीबार झाले, माणसे मारली गेली. मे २०२० मध्ये यॉर्क विभागाच्या पोलिसांनी इतर पोलीस दलांना सोबत घेऊन केलेली ‘प्रोजेक्ट प्लॅटिनम’ ही कारवाई जाहीर केली, तेव्हा गाडी ओढण्याच्या धंद्यात एवढे काही चालते हे सामान्य माणसाला प्रथमच कळले.

ग्राहकाला हक्क दिले, पण हूक ज्याच्या हातात आहे तो कोण, हे कोणी विचारलेच नाही, असा याचा अर्थ मी घेतो. परवाना काही शहरांपुरता होता. शहराची हद्द ओलांडली की नियम बदलत. नियम मोडणाऱ्यावर तक्रार करता येई, पण तोवर त्याचा ट्रक दुसऱ्या अपघाताकडे निघालेला असे. ही चूक सुधारायला प्रांताने २०२१ मध्ये टोइंग आणि गाड्या ठेवण्याच्या यार्डांसाठी स्वतंत्र कायदा केला. १ जानेवारी २०२४ पासून टोइंग कंपनी आणि यार्ड चालवणाऱ्याला, तर १ जुलै २०२४ पासून ट्रकच्या चालकालाही प्रांताचे प्रमाणपत्र घेणे सक्तीचे झाले. आता गाडी उचलण्याआधी संमतीच्या कागदावर सही घ्यावी लागते. पोलिसांचा वेगळा आदेश नसेल तर कोण नेणार आणि कुठे नेणार हे गाडीवाला ठरवतो आणि यार्डात पडलेल्या गाडीतली आपली पर्स, औषधे, मुलाचे दप्तर त्याला फुकट काढून घेता येते. हे शेवटचे कलम मला फार महत्त्वाचे वाटते. गाडी अडवून ठेवता येईल, पण माणसाची औषधे अडवून पैसे मागता येणार नाहीत, ही मर्यादा कायद्यात लिहावी लागली.

यावर घेतले जाणारे आक्षेप पोकळ नाहीत. लेन अडलेली असताना कागद कसले करता, तेवढ्यात मागून दुसरी धडक बसेल, असे म्हटले जाते. धोका खरा आहे. पण म्हणूनच पोलिसांच्या आदेशाने संमतीशिवाय गाडी हलवायची मुभा कायदा देतो आणि जखमी माणसाकडे कोणी सही मागत बसत नाही. उलट चार-पाच ट्रक कडेच्या पट्टीत घुसून भांडत उभे राहिले, तर रुग्णवाहिकेला जागा उरत नाही. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. निर्णय पोलिसांच्या हाती दिला की संगनमत होईल, लहान ट्रकवाला मरेल आणि मोठ्यांची मक्तेदारी येईल, हा तो आक्षेप. टोरांटोभोवतीच्या काही महामार्गांवर डिसेंबर २०२१ पासून एका पट्ट्यात एकाच अधिकृत कंपनीला काम मिळते, तेव्हा ही भीती कल्पनेतली नाही. त्याच वर्षी प्रांतिक पोलिसांतल्याच काही जणांवर ठरावीक टोइंगवाल्यांना झुकते माप दिल्याचे आरोप ठेवले गेले. म्हणून पोलिसांवरही तितकीच नजर हवी, हे मान्य. पण मोकळ्या शर्यतीत लहान ट्रकवाला तरला होता कुठे? त्याचा ट्रक जाळला जात होता. प्रामाणिक माणसाला शर्यतीपेक्षा नियम जास्त सोयीचा, हे तिथल्या अनुभवाने दाखवले. शिवाय हे काम जिवावरचे आहे आणि कायद्याने त्याचीही दखल घेतली आहे: २०१५ पासून ऑन्टारिओत पिवळा दिवा लुकलुकवत उभ्या असलेल्या टो ट्रकजवळून जाताना वेग कमी करणे आणि शक्य असेल तर एक लेन सोडून जाणे इतर चालकांवर बंधनकारक आहे.

भारतात आपल्या मोटार वाहन कायद्यात अपघातानंतर चालकाने काय करायचे ते कलम १३४ मध्ये आहे: जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे, पोलिसांना कळवणे. तपासणीसाठी गाडी हलवली तर कुठे नेली हे मालकाला कळवायचे आणि सोपस्कार झाल्यावर २४ तासांच्या आत ती परत करायची, असे कलम १३६ सांगते. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन केला की मदत मिळवता येते. पण खासगी क्रेन आली, तर दर आधी सांगणे, गाडी कुठे जाणार ते लिहून देणे, रस्त्यावरच्या काचा झाडणे, यांपैकी कशासाठीही क्रेनवाल्याला नाव घेऊन बांधणारे कलम या कायद्यात नाही. ते आणायचे झाले तर सुरुवात ग्राहकाच्या हक्कांच्या यादीने न करता क्रेन चालवणाऱ्याच्या परवान्याने करावी, कारण २०१७ चे नियम ऑन्टारिओत सात वर्षे ज्याची वाट पाहत राहिले ते तेच होते.