टाके घातल्यानंतरचे उपचार

‘रुग्णालय आणि हिंसाचार’ म्हटले की आपल्याला डॉक्टरांवरचे हल्ले, तोडफोड आणि दारावरचा सुरक्षारक्षक आठवतो. अमेरिकेतील ‘रुग्णालयाधारित हिंसा-हस्तक्षेप’ (गोळी किंवा सुरा लागून दाखल झालेल्यावर पुन्हा तीच वेळ येऊ नये म्हणून रुग्णालयातूनच दिलेली साथ) ही वेगळी गोष्ट आहे. कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये १९९४ साली असे काम सुरू झाले. कुत्रा चावल्यावर जखम धुऊन भागत नाही, पुढच्या इंजेक्शनांच्या तारखाही हातात देतात, तसेच हे. रुग्णासारख्याच वस्तीत वाढलेला, तिथली भाषा बोलणारा कार्यकर्ता खाटेशी येऊन बसतो. सुडाचा विचार शमवणे हे पहिले काम. मग सुरक्षित निवारा, नुकसानभरपाईचा अर्ज, नोकरी आणि रात्री दचकून उठणाऱ्याला समुपदेशन. हा कार्यकर्ता पोलिसांचा खबऱ्या नसतो. तसा नुसता संशय आला, तरी रुग्ण तोंड उघडणार नाही.

गुन्हेगारांचे लाड कशाला, असा आक्षेप येतो. मुळात जखमी झालेला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो. पण ज्यांची पार्श्वभूमी खरोखर तशी होती, त्यांच्याबाबतही बाल्टिमोरमध्ये पडताळणी झाली. पॅरोल किंवा परिवीक्षेवरील (तुरुंगाबाहेर देखरेखीखाली असलेल्या) १०० रुग्णांची यादृच्छिक (कोण कुठे जाईल हे आधी न ठरवता) विभागणी साथ मिळणारे आणि न मिळणारे अशा दोन गटांत केली. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: साथ मिळालेले रुग्ण पुन्हा जखमी होऊन दाखल होण्याचे प्रमाण बरेच कमी होते. नमुना लहान, रुग्णालय एकच. त्यामुळे छातीठोक दावा करू नये. बंदुकांची सहज उपलब्धताही या कामाच्या आवाक्याबाहेरची आहे.