गिअर अडतो तेव्हा

घर म्हटले की ते एका जागी स्थिर असावयाचे आणि गाडी म्हटली की ती धावावयाची, अशी आपली समजूत असते. परंतु घर आणि गाडी ह्या दोहोंचा मिलाफ ज्यात झाला आहे, असेही एक वाहन आहे. त्यास मोटारहोम म्हणतात. त्यात निजण्यासाठी बिछाने असतात, स्वयंपाकाचा ओटा असतो, पाण्याची टाकी असते आणि पुढच्या भागात चालकाची जागा असते. युरोप-अमेरिकेत अशी चालती घरे घेऊन माणसे दूरदूरच्या प्रवासास निघतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली अशा वाहनांतून होणाऱ्या पर्यटनासाठी धोरण मंजूर केले.

हे वाहन वर्षातील पुष्कळ दिवस नुसते उभे असते. सुट्टी लागली की ते बाहेर काढावे आणि नेमका तेव्हाच गिअरचा दांडा जागचा हलू नये, असा प्रसंग अनेकांवर येतो. अशा वेळी दांड्याला जोर लावण्याचा मोह होतो. तो योग्य की अयोग्य, हे ठरविण्यापूर्वी दांडा हलविला म्हणजे आत काय घडते, ते पाहू.

चालकाच्या हाताशी असतो तो केवळ दांडा. गिअर बदलणारी चक्रे तेथून दूर, इंजिनाला लागून असलेल्या गिअरबॉक्समध्ये असतात. पुष्कळ मोटारहोमांत ह्या दोहोंना जोडणाऱ्या दोन केबली असतात. एक केबल दांड्याची डावी-उजवी हालचाल गिअरबॉक्सपर्यंत पोहोचविते, तर दुसरी पुढची-मागची.

ही केबल आपल्या परिचयाची आहे. सायकलीचा ब्रेक दाबला म्हणजे जी तार ओढली जाते, तिचीच ही थोरली बहीण होय. लंडनमध्ये राहणाऱ्या अर्नेस्ट माँनिंग्टन बाउडन ह्या संशोधकाने १८९६ साली ह्या रचनेचे पेटंट घेतले. म्हणून तिला बाउडन केबल असे नाव पडले. रचना साधी पण मोठी चतुराईची आहे. बाहेर एक लवचीक नळी आणि तिच्या आत सरकणारी तार. नळीची दोन्ही टोके पक्की बसविलेली असतात. त्यामुळे वाट कितीही वळणाची असली, तरी एका टोकाला तार जितकी सरकेल तितकीच ती दुसऱ्या टोकालाही सरकते. सायकलीची तार फक्त ओढावयाची असते. गिअरच्या तारेने मात्र ओढण्याचे आणि ढकलण्याचे अशी दोन्ही कामे करावयाची असतात. म्हणून ती अधिक ताठ असते आणि तिच्या नळीला आतून गुळगुळीत प्लॅस्टिकचे अस्तर असते.

आता ही तार अडते कशामुळे? पहिले कारण गंज. नळीच्या टोकावरील रबरी टोपी फाटली की पाणी आणि धूळ आत शिरते. तार गंजते, गंज लोखंडाहून अधिक जागा व्यापतो आणि मुळातच अरुंद असलेली वाट बुजत जाते. गाडी रोज चालत असेल तर तार सतत सरकत राहते. उभ्या गाडीत गंजाला सवड मिळते. दुसरे कारण घट्ट वळण. खांबाला दोरीचे तीन-चार वेढे दिले, तर पुष्कळ माणसांनी ओढूनही ती सहज सरकत नाही. तार जितकी अधिक वळेल, तितकी ती नळीच्या अंगाला घासते. तिसरे कारण उष्णता. धुराच्या तापलेल्या नळाला केबल टेकली, तर आतील अस्तर वितळून तारेला चिकटते.

दोष नेमका कोठे आहे, हे शोधण्याची रीत अशी: प्रथम गाडी सपाट जागी उभी करावी, हातब्रेक ओढावा, चाकांना ठोकळे लावावेत आणि इंजिन बंद करून ते निवू द्यावे. मग दांडा हलवून पाहावा. इंजिन बंद असताना तो सहज फिरतो आणि इंजिन चालू असतानाच गिअर पडत नाही, असे आढळले तर केबल निर्दोष असण्याचा संभव मोठा. दोष बहुधा क्लचमध्ये असतो. दांडा घट्ट न होता सैल पडून लटपटत असेल, तर केबलीच्या टोकाचा सांधा झिजला असावा. थंड प्रदेशात तो सकाळी अडत असेल आणि इंजिन तापल्यावर सुटत असेल, तर नळीत शिरलेल्या पाण्याचा बर्फ झाला असावा.

दांडा इंजिन बंद असतानाही अडत असेल, तर गिअरबॉक्सकडील टोकापासून केबल सोडवावी. आता गिअरबॉक्सवरील पट्टी हाताने हलवावी. ती नीट हलली तर गिअरबॉक्स निर्दोष. मग दांड्याकडील टोकही सोडवावे. दांडा मोकळा झाला आणि केबलीची तार मात्र हाताने सरकत नाही, असे दिसले की दोष सापडला. दोन्ही केबली अशाच निरनिराळ्या तपासाव्यात. कारण बहुधा एकच बिघडलेली असते.

गंज वरवरचा असेल, तर गंज सोडविणारे पातळ तेल टोकाशी घालावे, ते मुरू द्यावे आणि तार हलके हलके मागेपुढे करावी. परंतु तारेचे धागे तुटले असतील, नळी मुडपली असेल किंवा अस्तर वितळले असेल, तर केबल बदलणे हाच उपाय. नवी केबल तेवढ्याच लांबीची हवी. ती मूळ वाटेनेच न्यावी, धुराच्या नळापासून दूर ठेवावी आणि तिच्या टोपीची खात्री करून घ्यावी. शेवटी दांडा आणि गिअरबॉक्स दोन्ही न्यूट्रलमध्ये ठेवून केबलीची लांबी जुळवावी. प्रत्येक गिअर प्रथम उभ्या गाडीत आणि मग मोकळ्या मैदानात पडताळून पाहावा.

एवढी दक्षता कशासाठी, असे कोणी विचारील. भरल्या घराचे वजन घेऊन गाडी घाट उतरू लागली म्हणजे चालक खालचा गिअर टाकतो. त्यामुळे इंजिनच तिचा वेग आवरून धरते. तो गिअर पडला नाही, तर सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते. जोर लावून कसाबसा हलविलेला दांडा घराच्या अंगणात चालून जाईल. उतारावर त्याची तार तुटली, तर आतल्या माणसांच्या जिवावर बेतेल. म्हणून जाणता कारागीर अडलेल्या दांड्याशी झटत बसत नाही. तो एकेक सांधा सुटा करतो, निर्दोष भाग बाजूला ठेवतो आणि उरलेल्या भागात दोष शोधतो. ही रीत ज्याला साधली, त्याला मोटारच काय, शिवणयंत्र आणि विहिरीवरचा पंपही आपले दुखणे सांगू लागतात.