रायतूरच्या टेकडीवर ओवी

गोव्यातल्या साष्टी तालुक्यातली, झुवारीच्या काठची रायतूरची टेकडी. किल्ल्याची उरलीसुरली वेस ओलांडून चढण चढलं की समोर सेमिनरीची पांढरी, जाड भिंतींची इमारत येते. 1610 पासून इथे पाद्री घडतात. आज मात्र दार सगळ्यांना उघडं आहे. मडगावहून आलेले निवृत्त मास्तर, कॉलेजची पोरं, शेजारच्या वाड्यावरच्या बायका सभागृहात येऊन बसताहेत. व्याख्यानाचा विषय आहे फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’.

व्याख्याते पाद्रीच आहेत. बोलणं कोकणीत, मध्येच मराठीत. इंग्लंडहून 1579 मध्ये गोव्यात आलेल्या या जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या आणि त्या 1616 मध्ये इथे रायतूरलाच छापल्या गेल्या, तेही रोमन लिपीत. का, तर देवनागरी जोडाक्षरांसाठी सहाशेच्या आसपास साचे लागले असते. ‘‘त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज कुठे सापडत नाही,’’ फादर सांगतात.

मग एक तरुण सेमिनरियन उठतो. माइकची मान खाली वाकवतो, घसा खाकरतो आणि ओवी लावतो. पहिल्या ओळीला आवाज कापतो, दुसरीला सापडतो. चाल थेट कीर्तनातली. माझ्या पुढच्या रांगेतले टोपीवाले आजोबा डोळे मिटून मांडीवर बोटांनी ताल धरतात. त्यांच्या शेजारच्या बाईच्या हातातली रुझारीची माळ थांबलेली आहे. कान ओवीकडे.

प्रश्नोत्तरं सुरू होतात. दोन-तीन सोपे प्रश्न होतात आणि मागून एक जण उभा राहतो. ‘‘फादर, पुराण बरं आहे. पण ह्याच साष्टीतली देवळं मोडली, त्याचं काय?’’

सभागृहात चुळबुळ. सूत्रसंचालक घड्याळाकडे पाहतो. फादर पाण्याचा ग्लास बाजूला सरकवतात.

‘‘मोडली. जाळलीसुद्धा. 1567 मध्ये याच रायतूरच्या किल्ल्याच्या कप्तानाने, दियोगो रोद्रिगिशने. स्टीफन्स आला तो त्यानंतर बारा वर्षांनी. पण त्याचं कामही त्याच पोर्तुगीज राजवटीच्या आश्रयाने चाललं. बाटलेल्या लोकांची जुनी पुराणं काढून घेतली होती. त्यांनी वाचायला दुसरं काही मागितलं, तेव्हा हे लिहिलं गेलं. पुस्तकातच तसं आहे.’’

विचारणारा लगेच बसत नाही. ‘‘म्हणजे काढून घेतलं ते आधी, दिलं ते मागाहून,’’ एवढं बोलून मग खाली बसतो. फादर मान डोलावतात, पुढे काही जोडत नाहीत. टोपीवाले आजोबा वळून त्या माणसाला नीट बघून घेतात.

व्याख्यान संपतं. व्हरांड्यात चहा आणि पॅटिस. तो मागच्या रांगेतला माणूस आणि ओवी गाणारा पोरगा एकाच खांबाला टेकून बोलताहेत. विषय चालीचा आहे.

धर्मसंस्थेने व्याख्यानं ठेवणं सोपं असतं. अडचणीच्या प्रश्नापर्यंत माइक पोचू देणं आणि सरळ उत्तर देणं, हे अवघड. इथे दोन्ही झालं, म्हणून ही संध्याकाळ सार्थकी लागली.

‘ख्रिस्तपुराण’ 1956 मध्ये पुण्यात देवनागरीत निघालं आहे. आपल्या वाचनालयात एकदा मागून बघा.